बहिःशाल शिक्षणाचा उगम

‘बहिःशाल शिक्षण’ हा शब्द मराठीत आता चांगला रुळला आहे. पुणे आणि मुंबई या दोन्ही विद्यापीठांच्या बहिःशाल शिक्षण मंडळांनी तालुक्याच्या गावांपर्यंत व्याख्याने नेली, तेव्हापासून तो शब्द आपल्या कानांवर आहे. अलीकडे त्याच्या जोडीला ‘निरंतर शिक्षण’, ‘आजीवन अध्ययन’ असे नवे शब्द आले आहेत आणि विद्यापीठांतील विभागांच्या पाट्याही त्यांप्रमाणे बदलल्या आहेत. परंतु पदवी घेऊन बाहेर पडलेल्या, किंवा विद्यापीठाची पायरी कधीच न चढलेल्या प्रौढ मनुष्याला शिकविणे हे विद्यापीठाचे कर्तव्य आहे, ही कल्पना मूळची कोठली, ती प्रथम कोणाला सुचली आणि कोणत्या अडचणींतून वाट काढीत ती रूढ झाली, याची हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. ती मोठी मनोरंजक आहे. शिवाय नोकरीच्या निमित्ताने घरापासून दूर राहणाऱ्या आणि वर्षानुवर्षे कोणती ना कोणती खातेनिहाय परीक्षा देत आलेल्या वाचकवर्गाशी तिचा जवळचा संबंध आहे.

ही हकीकत इंग्लंडातील आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही दोन पुरातन विद्यापीठे म्हणजे धर्मोपदेशक, जमीनदारांचे मुलगे आणि थोडे विद्वान यांची वतने होती. लंडन विद्यापीठाने १८५८ साली आपल्या परीक्षा महाविद्यालयाबाहेरच्या उमेदवारांना खुल्या केल्या खऱ्या. पण ते दार परीक्षेपुरतेच होते. शिकविण्याची जबाबदारी त्या विद्यापीठाने घेतली नव्हती. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५७ मध्ये, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे जी विद्यापीठे स्थापन झाली ती याच लंडनच्या नमुन्यावर. परीक्षा घेणे आणि महाविद्यालयांना संलग्नता देणे हा त्यांचा मुख्य व्यवहार. विद्यापीठ म्हणजे परीक्षेचा मांडव हे समीकरण आपल्या मनात इतके खोल का रुजले, याचे एक कारण या वंशावळीत सापडते.

विद्यापीठाने आपण होऊन विद्यार्थ्याच्या गावी जावे, ही कल्पना प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय जेम्स स्ट्यूअर्ट या तरुणास दिले जाते. स्ट्यूअर्ट हा १८४३ साली स्कॉटलंडात जन्मलेला आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयाचा फेलो झालेला गणितज्ञ. १८६७ साली उत्तर इंग्लंडातील काही स्त्रियांनी त्याला व्याख्यानांसाठी बोलाविले. या स्त्रियांच्या चळवळीत ॲन क्लफ आणि जोसेफीन बटलर यांच्यासारख्या कर्तबगार बाया होत्या. लीड्स, लिव्हरपूल, मँचेस्टर आणि शेफील्ड या चार औद्योगिक शहरांतील शिक्षिकांना अध्यापनशास्त्र शिकवावे अशी त्यांची मागणी होती. स्ट्यूअर्टने उलट सुचविले की, कसे शिकवावे हे सांगत बसण्यापेक्षा एखादा विषयच शिकवून दाखवावा हे बरे. आणि त्याने खगोलशास्त्राचा विषय घेतला.

पुढे जी पद्धती सर्वत्र रूढ झाली तिचे तिन्ही घटक या व्याख्यानांच्या काळात निव्वळ अडचणींतून निर्माण झाले. श्रोत्या स्त्रिया प्रत्येक शब्द टिपून घेण्याच्या नादात विषय हरवून बसत; म्हणून स्ट्यूअर्टने व्याख्यानाचे मुद्दे आगाऊ छापून वाटण्यास सुरुवात केली. तरुण पुरुष व्याख्यात्याने तरुण स्त्रियांना भर सभेत तोंडी प्रश्न विचारावेत आणि त्यांनी उत्तरे द्यावीत, हे त्या काळच्या शिष्टाचारात बसत नव्हते. म्हणून त्याने प्रश्न लेखी दिले आणि उत्तरे टपालाने मागविली. आठवड्याच्या लेखी निबंधाचा जन्म अशा रीतीने संकोचातून झाला! आज पत्रद्वारा शिक्षण घेणारा विद्यार्थी जी उत्तरपत्रिका पाठवितो, तिच्या मुळाशी हा व्हिक्टोरियन संकोच आहे हे कोणास खरे वाटेल?

तिसरा घटक लाभला तो रॉचडेल येथे. रॉचडेल हे लँकाशायरमधील कापडगिरण्यांचे गाव. १८४४ साली तेथील काही कष्टकऱ्यांनी जे सहकारी दुकान काढले, त्यातून जगाची सहकारी चळवळ उभी राहिली हे सर्वश्रुत आहे. त्या सहकाऱ्यांनी आपल्या नफ्यातील ठराविक हिस्सा शिक्षणासाठी बाजूला काढण्याचा नियम केला होता आणि स्वतःची ग्रंथालये उभारली होती, ही गोष्ट मात्र तितकीशी परिचित नाही. या सहकाऱ्यांपुढे स्ट्यूअर्टची व्याख्याने चालली असता एकदा त्याला घाईने निघावयाचे होते. भिंतीवर लावलेल्या आकृत्या पुढच्या आठवड्यापर्यंत तशाच राहू द्याव्यात, असे त्याने सभागृहाच्या रखवालदारास सांगितले. तो परत आला तेव्हा रखवालदाराने त्यास सांगितले की, आकृत्या राहिल्या हे फार चांगले झाले. सभासदांनी मधल्या काळात त्यांवर चर्चा केली असून त्यांचे पुष्कळ प्रश्न आहेत, आणि ते विचारण्यासाठी काही मंडळी आज व्याख्यानाच्या थोडे आधी येणार आहेत. त्या दिवसापासून व्याख्यानाला ‘वर्गा’ची जोड मिळाली. मोठ्या समुदायापुढे व्याख्यान आणि ज्यांना खोलात जावयाचे आहे त्यांच्यासाठी प्रश्नोत्तरांचा वर्ग, अशी ही रचना होती.

या अनुभवाच्या बळावर स्ट्यूअर्टने १८७१ साली आपल्या विद्यापीठाकडे हे काम अधिकृतपणे हाती घेण्याची मागणी केली. तिला पाठिंबा देणारे अर्ज कोणाकोणाकडून आले हे पाहण्यासारखे आहे. लीड्सच्या स्त्रिया, रॉचडेलचे सहकारी आणि क्रूच्या रेल्वे कारखान्यातील कामगारांची संस्था यांनी ते अर्ज केले होते. विद्यापीठाच्या ओसरीवरही ज्यांना जागा नव्हती, त्यांनी विद्यापीठालाच आपल्या गावी येण्याचे निमंत्रण दिले. १८७३ साली केंब्रिजने ते स्वीकारले आणि त्या वर्षीच्या शरद ऋतूत नॉटिंगहॅम, डर्बी व लेस्टर येथे पहिले अभ्यासक्रम सुरू झाले. लंडनने १८७६ साली आणि ऑक्सफर्डने १८७८ साली तोच मार्ग धरला.

या उपक्रमाचे फळ किती झपाट्याने आले याचे उदाहरण म्हणजे नॉटिंगहॅम. १८७५ साली एका अनामिक दात्याने त्या नगरपालिकेला दहा हजार पौंड देऊ केले. अट एवढीच की, या विस्तार व्याख्यानांसाठी पालिकेने इमारत उभारावी. १८७७ साली कोनशिला बसली, १८८१ साली महाविद्यालय उघडले आणि १९४८ साली त्याचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. रेडिंग येथेही ऑक्सफर्डच्या विस्तारकार्यातून १८९२ साली महाविद्यालय निघाले व पुढे त्याचे विद्यापीठ झाले.

एवढे यश मिळूनही या चळवळीत एक मोठे वैगुण्य होते. सरकारी अनुदान नसल्यामुळे व्याख्यानांचा सर्व खर्च स्थानिक वर्गणीतून व शुल्कातून भागवावा लागे. साहजिकच जेथे दुपारी मोकळ्या असणाऱ्या सुखवस्तू स्त्रिया पुष्कळ, तेथे ती भरभराटीस आली. जेथे मजुरीवर पोट, तेथे ती एका संकटासरशी कोलमडली. नॉर्थंबरलंडच्या कोळसाखाणींतील कामगारांनी या व्याख्यानांना मोठा प्रतिसाद दिला होता. १८८७ साली तेथे दीर्घकाळ संप झाला, कामगारांच्या हाती पैसा उरला नाही आणि तेथील केंद्रे बंद पडली. शिकण्याची इच्छा ओसरली नव्हती. शुल्क द्यावयास शिल्लक नव्हती. शिवाय व्याख्यानमाला बारा आठवड्यांत संपे आणि पुढचा विषय अगदीच वेगळा निघे. या वर्षी खगोलशास्त्र, तर पुढील वर्षी इटालियन चित्रकला! अशाने बहुश्रुतता येते. व्यासंग घडत नाही.

येथे आपल्याकडे वळून पाहण्याचा मोह आवरत नाही. केंब्रिजची व्याख्याने सुरू झाल्यावर दोनच वर्षांनी, १८७५ साली, न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तिने महाराष्ट्रात व्याख्यान ऐकण्याची जी सवय लावली ती अद्याप मोडलेली नाही. मुंबईत तर १८४८ सालीच मराठी ज्ञानप्रसारक सभा निघाली होती. श्रोता आपल्याकडेही होता आणि वक्ताही होता. नव्हता तो वर्ग. आपल्या व्याख्यानमालांतील श्रोता ऐकून घरी गेला. भिंतीवरच्या आकृत्या राहू द्या, आम्हांला त्यांवर प्रश्न विचारावयाचे आहेत, असे म्हणण्याची सोय त्याला कोणी करून दिली नाही. त्या काळचे मुंबई विद्यापीठ परीक्षेत गुंतलेले होते आणि श्रोत्याच्या पाठीशी उभे राहील असे दुसरे विद्यापीठ या प्रांतात नव्हते.

इंग्लंडातील उणीव दूर केली ती एका कारकुनाने. अल्बर्ट मॅन्सब्रिज हा सुताराचा मुलगा. चौदाव्या वर्षी त्याची शाळा सुटली आणि पुढे तो सहकारी घाऊक संस्थेत नोकरीस लागला. विस्तार व्याख्याने ऐकून त्याला विद्येची गोडी लागली, तशीच त्या व्याख्यानांची मर्यादाही कळली. १९०३ साली त्याने पत्नी फ्रान्सेस हिच्या घरखर्चातील अडीच शिलिंगांच्या भांडवलावर एक संघटना काढली. तीच पुढे ‘वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशन’ या नावाने प्रसिद्ध झाली. कामगाराला विद्या दान म्हणून देऊ नये, काय शिकावे व कसे शिकावे हे ठरविण्यात त्याला बरोबरीचा वाटा असावा, हे तिचे सूत्र होते.

१९०७ साली ऑक्सफर्ड येथे एक परिषद भरली आणि तीतून एक संयुक्त समिती नेमली गेली. तिच्या रचनेकडे लक्ष द्यावे : सात सभासद विद्यापीठाचे आणि सात कामगारांच्या संघटनांचे. विद्यापीठाच्या कारभारात विणकरांचे व यंत्रकामगारांचे प्रतिनिधी अध्यापकांच्या समोर समसमान संख्येने बसतात, ही घटना त्या काळी केवढी अपूर्व होती हे सांगावयास नको. समितीचा अहवाल १९०८ साली बाहेर आला; पण त्या आधीच, त्याच वर्षीच्या जानेवारीत, प्रत्यक्ष प्रयोगाला आरंभ झाला होता. शुक्रवारी सायंकाळी चिनीमातीच्या भांड्यांचे गाव लाँगटन आणि शनिवारी दुपारी रॉचडेल, अशा दोन ठिकाणी ट्यूटोरियल वर्ग सुरू झाले. शिक्षक एकच होता : रिचर्ड हेन्री टॉनी.

टॉनीचा जन्म १८८० सालचा, आणि तो कलकत्त्यातला. त्याचे वडील चार्ल्स हेन्री टॉनी हे तेथील प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राचार्य व नामांकित संस्कृतज्ञ होते. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’चा इंग्रजी अनुवाद त्यांनीच केला. कथांचा समुद्र इंग्रजीत नेणाऱ्या त्या पंडिताचा मुलगा ग्लासगोत अध्यापन करीत असता दर आठवड्यास आगगाडीने शेकडो मैल प्रवास करून कुंभारांना, खाणकामगारांना आणि गिरणीतल्या माणसांना आर्थिक इतिहास शिकवू लागला.

या वर्गाचे नियम मोठे कडक होते. विद्यार्थ्यांची संख्या शक्यतो तीसच्या वर जाऊ नये. प्रत्येकाने सलग तीन वर्षे येण्याचे वचन द्यावे. वर्षाकाठी चोवीस आठवडे, आठवड्यास दोन तास. त्यांपैकी एक तास शिक्षकाचे प्रतिपादन आणि एक तास चर्चा. दर पंधरवड्यास एक निबंध. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही, पगारवाढ नाही. दिवसभर यंत्रासमोर उभा राहिलेला मनुष्य रात्री दिव्यापाशी बसून निबंध लिहीत असे, आणि त्याबद्दल त्याला निबंध चांगला झाला की वाईट, एवढेच कळावयाचे! आज हे अशक्यप्राय वाटते. परंतु पहिल्या महायुद्धाच्या आरंभापर्यंत अशा वर्गांची संख्या १४० च्या वर गेली होती आणि त्यांत तीन हजारांहून अधिक विद्यार्थी शिकत होते. लाँगटनचे विद्यार्थी तर स्वतः शिकून थांबले नाहीत. आसपासच्या खाणवस्त्यांत जाऊन ते दुसऱ्यांना शिकवू लागले.

शिक्षकाचा लाभही थोडा नव्हता. सोळाव्या शतकातील इंग्लंडच्या शेतीप्रश्नावरील टॉनीचा ग्रंथ १९१२ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्याने या वर्गांतील विद्यार्थ्यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. कुळांना जमिनीवरून हुसकून लावण्याचा इतिहास ज्यांनी स्वतः बेकारी भोगली आहे त्यांच्यापुढे मांडावयाचा, तर पुस्तकी विधान चालत नाही. विणकर उठून विचारतो की, हे ठरविले कोणी आणि भाकरी गेली कोणाची? विद्यापीठाने बाहेर जाऊन लोकांना काय दिले हा प्रश्न नेहमी विचारला जातो. विद्यापीठाला बाहेरून काय मिळाले, हाही प्रश्न तितकाच मोलाचा आहे.

या चित्राला दुसरी बाजू नव्हती असे नाही. ऑक्सफर्ड येथे १८९९ साली कामगारांसाठी निघालेल्या रस्किन कॉलेजातील विद्यार्थ्यांनी १९०९ साली संप पुकारला. विद्यापीठाची विद्या ही मालकवर्गाची विद्या असून तिच्या गोडीने कामगारांतील हुशार माणसे आपल्या वर्गापासून तुटतील, हा त्यांचा आक्षेप. त्यांच्यापैकी काहींनी बाहेर पडून सेंट्रल लेबर कॉलेज नावाची निराळी संस्था काढली. हा आक्षेप सर्वस्वी खोटा म्हणता येणार नाही. विद्या देणाऱ्याच्या हाती सत्ता असते, आणि ती सत्ता कोणत्या बाजूने झुकते हे शिकणाऱ्याने डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. सात आणि सात सभासदांच्या समितीचे महत्त्व याच ठिकाणी आहे. तिने हा वाद मिटविला नाही. पण वाद घालण्यासाठी दोन्ही पक्षांना एकाच टेबलाशी आणून बसविले.

युद्धानंतर, १९१९ साली, बॅलियल कॉलेजचे प्रमुख ए. एल. स्मिथ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्रौढ शिक्षणावरील आपला अहवाल सादर केला. मॅन्सब्रिज आणि टॉनी दोघेही तिचे सभासद होते. प्रौढांचे शिक्षण ही मूठभर लोकांची हौस नसून राष्ट्राची कायमची गरज आहे, असा निर्वाळा तिने दिला आणि प्रत्येक विद्यापीठात बहिःशाल विभाग असावा अशी शिफारस केली. पुढच्याच वर्षी नॉटिंगहॅमने असा विभाग उघडला.

योगायोग असा की, त्याच १९१९ साली आपल्या देशातील उच्च शिक्षणावरही एक प्रचंड अहवाल बाहेर पडला. तो कलकत्ता विद्यापीठ आयोगाचा. आयोगाचे अध्यक्ष मायकेल सॅडलर म्हणजे १८८५ पासून ऑक्सफर्डच्या विस्तारकार्याचे चिटणीस राहिलेले गृहस्थ. या विषयात त्यांच्याहून जाणता मनुष्य मिळणे कठीण होते. परंतु त्यांच्यापुढे प्रश्न होता तो परीक्षांच्या ओझ्याखाली दबलेल्या एका अवाढव्य विद्यापीठाचा. इंटरमिजिएटचे वर्ग वेगळे करावेत, अध्यापन करणारी विद्यापीठे काढावीत, या त्यांच्या शिफारशींची चर्चा देशभर झाली. बहिःशाल शिक्षणाचे बीज मात्र त्यांच्याबरोबर येथे येऊन रुजले नाही. ज्या देशात तरुणांसाठीच विद्यापीठे पुरत नाहीत, तेथे प्रौढांचा विचार कोण करणार?

तो विचार स्वातंत्र्यानंतर झाला. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षणाचा आरंभ केला. त्याच वर्षी त्या विद्यापीठाचे कुलगुरुपद चिंतामणराव देशमुखांकडे आले होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, असा क्रम चढलेल्या या मराठी अधिकाऱ्याने कचेरीच्या कामातून वेळ काढून कालिदासाचे ‘मेघदूत’ मराठीत आणले आणि संस्कृतात स्वतंत्र काव्यरचनाही केली, हे या वाचकांस सांगण्याचे कारण नाही. पुढे हैदराबाद येथे १९८२ साली देशातील पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नाशिकचे पहिले कुलगुरू राम ताकवले पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. या सर्वांपुढे नमुना होता तो ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचा. त्याला १९६९ साली सनद मिळाली आणि १९७१ साली सुमारे चोवीस हजार विद्यार्थ्यांनी तेथे अध्ययनास प्रारंभ केला. गिरणीतला, दुकानातला, घरातला मनुष्य पदवीधर होऊ शकतो हे या विद्यापीठांनी सिद्ध केले, आणि हे ऋण लहान नाही.

तथापि या प्रवासात काही तरी हातचे सुटलेही. टॉनीचा विद्यार्थी पदवीसाठी येत नव्हता. आपण मुख्यतः पदवीसाठी जातो. खुद्द इंग्लंडातही हिशेबी वृत्ती बळावली. ज्याच्यापाशी एक पदवी आहे त्याने तितक्याच किंवा खालच्या पातळीचे दुसरे शिक्षण घ्यावयाचे ठरविल्यास त्याच्यासाठी विद्यापीठाला अनुदान मिळू नये, असे धोरण तेथील सरकारने २००७ साली जाहीर केले, आणि त्यानंतरच्या काळात अनेक विद्यापीठांतील जुने बहिःशाल विभाग बंद पडले. अभियंत्याने चाळिसाव्या वर्षी इतिहास शिकावा, तर तो सरकारी हिशेबात खर्ची पडत नाही!

आपल्या वाचकांपुढे हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा आहे. सरकारी सेवकांच्या क्षमतावृद्धीसाठी २०२० साली मंजूर झालेल्या ‘मिशन कर्मयोगी’ कार्यक्रमामुळे सेवेतील शिक्षणाचे महत्त्व मान्य झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. बदलते कायदे, नवी यंत्रे, नव्या पद्धती यांची माहिती अधिकाऱ्यास हवीच. परंतु कामापुरते शिक्षण आणि मनुष्य म्हणून वाढण्यासाठी केलेले अध्ययन या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीची मोजदाद तासांत आणि प्रमाणपत्रांत होऊ शकते. दुसरीला तीन वर्षांचे वचन, तीस सोबती, वाद घालू देणारा शिक्षक आणि पंधरवड्यास एक निबंध लागतो. पहिली सरकार पुरवील. दुसरी पुरविण्याचा हुकूम कोणतेही खाते काढू शकत नाही.

बृहन्महाराष्ट्रातील मंडळांना हे काम अवघड नाही. व्याख्यान, नाटक आणि गणेशोत्सव यांची परंपरा त्यांच्यापाशी आहे. पुष्कळ ठिकाणी ग्रंथालयही आहे. एखाद्या हिवाळ्यात वीस-पंचवीस माणसांनी एक विषय घेऊन बसावे आणि तो तीन वर्षे सोडू नये. विषय शोधण्यास दूर जावे लागत नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचे ढीग आहेत. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील जुन्या दप्तरांतही मोडी वाचणाऱ्याची वाण पडते. त्या त्या शहरातील विद्यापीठाच्या इतिहासविभागाकडे जाऊन, आम्हांला शिकवा आणि आमच्याकडूनही काही घ्या, असे सांगणारे मंडळ निघाले, तर रॉचडेलच्या सहकाऱ्यांनी केले तेच ते करील. बदलीचा हुकूम मध्येच येतो, तीन वर्षे एका गावी कोण राहतो, अशी शंका कोणी घेईल. टॉनी ग्लासगोहून येत होता. बदली झालेल्या सभासदाने निबंध टपालाने पाठवावा; लीड्सच्या स्त्रियांनी तसेच केले होते.